जागा धरणारा चेंडू

मला कोर्टाच्या मधोमध एकटं सोडून जाण्यात तन्वीचा फायदा मोठा होता आणि खर्च काहीच नव्हता. निदान तिचा हिशोब तसा होता. मित्रांनो, मी एक जुना बास्केटबॉल आहे, आणि त्या हिशोबात मांडायची राहिलेली खर्चाची बाजू म्हणजे मी.

कारखान्यातून निघालो तेव्हा चकचकीत नारिंगी होतो. सिंगापूरच्या एका छोट्या कॉलेजात मुलांच्या संघाकडे आलो. लाकडी जमीन, थंडगार हॉल, टाळ्या. बास्केट झाली की मुलं एकमेकांना मिठ्या मारायची, हुकली की मला शिव्या द्यायची. पुढे माझ्या कुशीवर टेंगूळ आलं आणि मी हवेत डावीकडे झुकू लागलो. मुलांना नवे चेंडू आले. मी कपाटात गेलो.

त्याच सुमारास तन्वीने कॉलेजातला मुलींचा पहिला संघ उभा केला. मोजून पाच जणी, सहावी मिळाली नाही. खेळांचं पाहणारे हेमचंद्र सर तसे दिलदार. टाकून द्यायची वस्तू देताना त्यांचा हात कधी आखडत नसे. त्यांनी मला काढून दिलं.

"हा घ्या चेंडू. हॉल मात्र मुलांचा."

"मग आम्ही कुठे खेळायचं, सर?"

"आधी दुसऱ्या कॉलेजशी एक सामना पूर्ण खेळून दाखवा. मग हॉलचं बघू. अर्ध्यात सोडलात तर संघ बंद."

तन्वीचं घर क्वीन्सटाउनच्या जुन्या फ्लॅट्समध्ये. खाली एक उघडं कोर्ट, पण संध्याकाळी जो आधी येईल त्याचं. मुलींचे तास सुटेपर्यंत ते भरून जायचं. इथे हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉल्सच्या मोठ्या मंडपात, टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलं की टेबल आपलं झालं. त्याला 'चोप' करणं म्हणतात, आणि चोप केलेल्या जागेला कोणी हात लावत नाही. कोर्टावरचं पाकीट झाडूवाले कचरा म्हणून उचलायचे. म्हणून कॉलेजला जाताना तन्वी मला मधोमध ठेवू लागली.

तिची आई अरुणाकाकू खिडकीतून बघत म्हणाली, "आम्ही एसटीत रुमाल टाकायचो गं. पण तो रुमाल बिचारा लगेच सुटायचा. हा दिवसभर उन्हात?"

"आई, इट्स ओन्ली अ बॉल, ला," तन्वी इथल्या ढंगात शेवटी 'ला' जोडत म्हणाली.

मग काय, मी बसलो. म्हातारे मला वळसा घालून फिरायचे. साळुंक्या जवळ यायच्या, चोच मारून खायचं काही नाही म्हणून निघून जायच्या. ऊन पाठ भाजायचं, पाऊस तीच पाठ भिजवायचा. इतकी माणसं आजूबाजूला आणि एकाचाही हात लागत नाही, हा एकटेपणा कपाटातल्यापेक्षा वाईट. कपाटात निदान कोणी दिसत तरी नाही.

पण संध्याकाळी पाचही जणी यायच्या. मी डावीकडे झुकतो म्हणून त्यांनी नेम उजवीकडे धरायला शिकून घेतलं. माझ्या खोडीला इतकं सांभाळून घेणारं आजवर कोणी भेटलं नव्हतं.

सामना याच कोर्टावर ठरला. पाहुण्या संघाच्या मॅडमनी मला हातात फिरवलं. "दिस वन कॅनॉट," म्हणाल्या आणि पिशवीतून कोरा चेंडू काढला. मला बाकाखाली सारलं.

आणि मुलींचा एकेक नेम उजवीकडे चुकू लागला. नवा चेंडू सरळ जात होता, हात मात्र अजून माझ्या टेंगळाचा हिशोब करत होते. मध्यंतरात पाचांतली मैत्रेयी बुटाची नाडी सोडायला बसली.

"बस झालं. लोक हसतायत."

"तू उठलीस तर संघ गेला," तन्वी म्हणाली.

"मग काय करू? बॉल चांगला आहे, मीच नालायक."

तन्वीने बाकाखाली माझ्याकडे पाहिलं, मग हूपकडे.

"आपण अजून जुन्याच बॉलचा नेम धरतोय. त्याला विसरा. सरळ मारा."

मैत्रेयीने नाडी पुन्हा बांधली. त्यांनी मला विसरायला घेतलं आणि बास्केट होऊ लागल्या. सामना थोडक्यात हरल्या, पण पाचही जणी शेवटपर्यंत उभ्या होत्या. बाकाखाली मी एकटाच टाळ्या वाजवू शकत नव्हतो.

जाताना मैत्रेयीने सवयीने मला मधोमध ठेवलं, उद्यासाठी. त्याच संध्याकाळी सरांचा मेसेज आला: उद्यापासून हॉल, नवे चेंडूही. उद्या आला, मुली आल्या नाहीत.

"अगं, तो बॉल वर आण ना," काकूंचा आवाज खिडकीतून येतो.

"उद्या आणते, आई."

काल दोन चिमुरड्या आपला छोटा चेंडू घेऊन धावत आल्या. त्यांच्या आईने हात धरून थांबवलं. "नो, नो. समबडी चोप ऑलरेडी." त्या बराच वेळ कडेला उभ्या राहिल्या, मग गेल्या.

मित्रांनो, ज्याला जागा धरायला बसवाल, त्याला उठवायलाही या. आणि असा मी कुठे दिसलोच, तर आदर करू नका. उचला, खेळा, नाहीतर निदान कडेला सारा.

बाकी जमाखर्च सरळ आहे. मुलींना हॉल मिळाला, तो त्यांनी घामाने मिळवला. सरांना शाबासकी मिळाली, ती फुकट. माझं म्हणाल तर मी माझी किंमत उन्हात बसून भरली, आणि ती मुलींसाठी होती, म्हणून खंत नाही. पण आता मी कोणासाठीच जागा धरत नाही, आणि त्याची किंमत कडेला उभ्या राहून परत गेलेल्या त्या दोन पोरी भरतायत.