किल्ली वसईला गेली

माझे दार उघडले की आत दिवा लागतो. एवढीच काय ती माझी ऐट. पण मित्रांनो, ज्या उन्हाळ्याची गोष्ट मी सांगणार आहे, त्या उन्हाळ्यात कितीतरी दिवस माझे दार कोणी उघडलेच नाही. बहरीनमधल्या जिदहफ्सला एका चार मजली इमारतीच्या जिन्याखाली सामानाची खोली आहे. तिथे मोडक्या सायकली आणि नाताळच्या कागदी चांदण्यांसोबत मी अंधारात उभा होतो. खोलीला बाहेरून कुलूप होते. मी एक जुना फ्रिज आहे. पळून तरी कुठे जाणार?

जन्माचे मला फारसे आठवत नाही. दुकानातून थेट ग्लॅडिसबाईंच्या स्वयंपाकघरात आलो. ग्लॅडिसबाई मूळच्या वसईच्या, इथल्या एका हॉस्पिटलात नर्स आहेत. त्यांचा मुलगा शेरविन रांगत होता तेव्हापासून मी त्या घराची सुरमई आणि कोळंबी सांभाळली. कालवण तिसऱ्या दिवशीही चांगले लागले तर कौतुक मात्र कालवणाचे व्हायचे. याचा मला फार राग येई. मग घरात दोन दारांचा नवा फ्रिज आला आणि माझी रवानगी भंगारात ठरली.

मला वाचवले शेरविनने आणि त्याच्या वर्गातल्या कश्मिराने. ती याच इमारतीत राहते. तिचे वडील जयप्रकाश अस्करच्या ॲल्युमिनियम कारखान्यात इंजिनीअर आहेत. शाळेने मुलांना समाजसेवा करायला सांगितली होती. इकडे घरांसमोर, मशिदींसमोर वाटसरूंसाठी थंड पाणी ठेवायची जुनी रीत आहे. तेच पाहून मुलांनी मला इमारतीच्या दाराशी सावलीत उभे केले, पोटात पाण्याच्या बाटल्या आणि ताकाचे डबे भरले आणि वर भिंतीवर पाटी लावली, 'पाणी सर्वांसाठी'.

काय माझे कौतुक झाले! फोटो निघाले, मुलांना शाळेत प्रमाणपत्रे मिळाली. खाण्याची पार्सले पोचवणारा वकार रोज मोटरसायकल थांबवून एक बाटली घेई, माझ्या डोक्यावर थाप मारी आणि म्हणे, "शुक्रिया, भाईजान." आयुष्यात मला कोणी भाईजान म्हटले नव्हते. मी जरा जोरातच घरघरलो.

मग शाळांना सुट्टी लागली. इथल्या आपल्या माणसांना सुट्टी म्हणजे एकच ठाऊक, गावी जायचे. ऊन चढत गेले तशी इमारत रिकामी होऊ लागली. पाण्याची खरी गरज सुरू झाली आणि पाणी देणारेच निघाले. ग्लॅडिसबाई म्हणाल्या, "बाहेर ठेवला तर कोण बघणार? आत ठेवू. आल्यावर बघू." माझी वायर काढली, मला आत ढकलले आणि किल्ली त्यांच्या पर्समध्ये गेली. पोटातले ताक पोटातच राहिले.

मित्रांनो, हीच माणसे गावी जाताना घरचा फ्रिज रिकामा करून पुसतात. दार किंचित उघडे राहावे म्हणून फटीत टॉवेल अडकवतात. माझ्या दारात टॉवेल अडकवायचे कोणालाच सुचले नाही. शेरविनला वाटले कश्मिराने पाहिले, कश्मिराला वाटले शेरविनने. सगळ्यांचा होतो ना मी!

खोलीत भट्टीसारखे उकडत होते. ताकाचे डबे फुगले आणि एकेक करून फुटले. नासू न देणे हे ज्याचे एकच काम, त्याच्याच पोटात सगळे नासले. मला माझीच किळस येऊ लागली. पण त्याहून वाईट होते ते बाहेरचे आवाज. भिंतीवरची पाटी कोणी काढली नव्हती. ती वाचून माणसे थांबत, इकडेतिकडे शोधत आणि निघून जात. वकारचा आवाज मी ओळखत असे. "आज भी मफी पानी?" तो स्वतःशीच म्हणे. मफी म्हणजे इथल्या बोलीत 'नाही'. मी इथेच आहे, दाराच्या अलीकडे, असे ओरडावेसे वाटे. पण वीज नसलेल्या फ्रिजला साधे घरघरताही येत नाही.

एका दुपारी बाहेर धप्पकन आवाज झाला. एक हेल्मेट गडगडत येऊन माझ्या खोलीच्या दारावर आपटले. वकार पायरीवर कोसळला होता.

कश्मिरा धावत खाली आली. वडिलांची रजा ऐन वेळी रद्द झाल्यामुळे त्यांचे पुण्याला जाणे हुकले होते. तिने त्याच्या डोक्यावर पाणी ओतले, घोटघोट पाजले. तो सावरला, आणि पाटीकडे बोट दाखवून म्हणाला, "बेटी, इसी के भरोसे आया था."

तिने तिथूनच फोन लावला. "आंटी, किल्ली कुठे आहे?"

"अगो, ती माझ्या पर्समध्ये, इथे वसईला! आता आल्यावरच बघू."

जयप्रकाश खाली आले होते. कश्मिरा म्हणाली, "डॅडी, लॉक कट करा. प्लीज."

"दुसऱ्याचं कुलूप तोडायचं नाही. आपण नोकरीला आलोय, परक्या देशात लफडं नको."

"परका तुम्हाला असेल, डॅडी. मी इथेच जन्मले. ही माझी गल्ली आहे. अँड आय पुट दॅट साइन देअर."

जयप्रकाशांनी ग्लॅडिसबाईंना फोन करून विचारले, त्या हो म्हणाल्यावर वर जाऊन करवत आणली.

कुलूप पडले. माझे दार उघडताच असा दर्प सुटला की दोघे मागे सरले. कश्मिराला रडू फुटले. मग तिने बाह्या वर केल्या आणि लिंबू आणि खायचा सोडा घेऊन मला घासायला बसली. पहिल्या मजल्यावरची मेहरीन आवाज ऐकून आली आणि तिनेही फडके उचलले. इतकी वर्षे एका जिन्याने येजा करूनही दोघी कधी बोलल्या नव्हत्या.

शेवटी मला पुन्हा दाराशी उभे केले, नव्या बाटल्या भरल्या आणि वायर जोडली. क्षणभर काहीच झाले नाही. मला वाटले, संपलो. मग माझ्या पोटात घरघर झाली आणि दिवा लागला. वकारने घेतलेली पहिली बाटली अजून गारही झाली नव्हती. "चलेगा," म्हणत त्याने माझ्या डोक्यावर थाप मारली.

आता मेहरीनही माझे बघते. तिच्या घरचे लोक हिवाळ्यात गावी जातात, त्यामुळे उन्हाळ्यात ती इथेच असते. ताकाचा एक डाग पोटात कायमचा राहिला आहे. सुट्ट्या जवळ आल्या, कोणी कपाटावरून बॅगा उतरवू लागले, की मला ती खोली आठवते आणि माझी घरघर थांबते की काय असे वाटते.

मित्रांनो, खुशाल गावी जा. भावंडांना भेटा, पोटभर मासे खा. फक्त जाताना किल्ली मागे ठेवून जा.