बुद्धाच्या डोळ्यांतलं पाणी

वडीगोद्रीजवळच्या आमच्या गावात त्या सकाळी विहाराबाहेर चपलांचा ढीग पडला होता. आत बुद्धाच्या पांढऱ्या मूर्तीच्या डोळ्यांतून पाणी ओघळत होतं.

"तथागत रडून राह्यलेत! तुमचं दुखणं बघून!" सोमेश्वर ओरडत होता. स्वतःला साधक म्हणवणाऱ्या या माणसानंच ती मूर्ती आणून बसवली होती. "हे पाणी प्या, सुया-गोळ्या बिलकुल बंद!"

एरवी दुसऱ्यांच्या नवसांना हसणारे आमचे लोक वाट्या घेऊन रांगेत उभे होते. म्हातारे रामराव दारात आडवे आले. "अरे, आपण इथं वाकतो ते शिकवण आठवायला. मागणंच मागायचं होतं, तर मंग जुने देव कशाला सोडले?"

त्यांना लोकांनी बाजूला सारलं.

रांगेत दैवशाला होती. तिची लेक अंजू माझी विद्यार्थिनी होती. अंजूला मधुमेह होता, रोज इन्सुलिनची सुई लागायची.

"सुई बंद करू नको," मी तिला विनवलं.

"मॅडम, टोचून टोचून लेकराची मांडी काळीनिळी झाली. बुद्ध काय खोटं बोलतील?"

त्याच आठवड्यात अंजू गेली. जालन्याला नेताना, जीपमध्ये, आईच्या मांडीवर धापा टाकत.

अंत्यविधीनंतर रामराव आणि मी गावासमोर मूर्ती तपासली. डोक्यावरच्या केसांच्या गाठीत मेणानं बुजवलेलं भोक सापडलं. मी त्यात निळी शाई कालवलेलं पाणी ओतलं. सगळे तिथंच बसून राहिले. दुपार कलताना बुद्धाच्या डोळ्यांत निळे थेंब जमले.

"मूर्ती प्लास्टरची आहे, आतून पोकळ," मी सांगितलं. "प्लास्टर पाणी शोषतं. वरचा जाड रंग ते अडवतो. फक्त डोळ्यांपाशी रंग खरवडलाय, म्हणून पाणी तिथूनच झिरपतं."

"लोकांची श्रद्धा वाढावी म्हणून केलं मी," सोमेश्वर पुटपुटला. पोलीस त्याला घेऊन गेले.

कुणीतरी दगड उचलला. "फोडा ही मूर्ती!"

दैवशाला पुढं झाली. तिचा आवाज पार बसला होता.

"तिला कशाला फोडता? सुई बंद कर, असं ती बोलली न्हाई. सोमेश्वर बोलला, अन् मी ऐकलं. 'आधी तपासा, मंग माना,' हे बुद्धाचं सांगणं दर पौर्णिमेला विहारात कानावर पडत होतं. मी नुसते हात जोडले. तुम्ही तरी विचारा. तुमच्या लेकरांचं औषध कुणाच्या सांगण्यावरून बंद करू नका."

दगड उचललेला हात खाली आला.