हातगुण

माझ्या नवऱ्याला स्वतःचं कौतुक करायला कधी संकोच वाटत नाही, आणि एका गोष्टीबद्दल तर तो बोलायला लागला की आवरत नाही. ट्रकचा डिझेल फिल्टर बदलला की लाइनीत हवा शिरते. ती निघेपर्यंत हातपंप मारत बसावं लागतं, नाहीतर इंजिन नुसतं घरघरतं आणि गप्प होतं. बाकीचे ड्रायव्हर पंप मारून मारून घामाघूम होतात. हा मात्र दोन-चार झटके देणार, चावी फिरवणार आणि ट्रक सुरू.

"त्याला हातगुण लागतो," असं तो समोरच्या टायरवाल्याला मुद्दाम ऐकवायचा.

टायरवाला ट्यूब पाण्यात बुडवत म्हणायचा, "मग एक दिवस इकडे ये. तुझा हात फिरव, पंक्चर आपोआप बुजतंय का बघू."

मी हसायचे, पण मनातून मला त्या हातगुणाचं बरंच वाटायचं. ताडपत्री बांधताना तो वरून पडला तेव्हापासून त्याचा उजवा खांदा धड नाही. वरच्या फळीवरचा डबा काढायचा तर मला हाक मारतो, आणि हाक मारल्याचं कुणाला कळू देत नाही. आमचा हातपंप इंजिनाच्या बगलेत, अशा अडचणीत आहे की तिथे उजवाच हात पोचतो. त्यामुळे दोन-चार झटक्यांत भागतंय हे नशीबच म्हणायचं.

फिल्टर बदलायचे ते मामंजी, म्हणजे माझे सासरे. सगळं आयुष्य ट्रकखाली काढलेला माणूस. पुढच्या खोलीतलं स्पेअर पार्टचं दुकान मी चालवते, आणि मला जे काही येतं ते त्यांनीच शिकवलंय. पण त्यांची नजर अधू झाली आणि बोटं थरथरायला लागली. ब्रेकचं काम दुसऱ्याकडे गेलं, मग क्लचचं. एकेक करत सगळं सुटलं आणि फिल्टर तेवढे उरले. ट्रक निघायच्या आदल्या संध्याकाळी ते घराशेजारच्या शेडमध्ये जायचे, दार लोटून घ्यायचे आणि कुणाला आत येऊ द्यायचे नाहीत. सासूबाई गेल्या तेव्हा ते अंथरुणावरून उठेनात. आम्ही सगळे बोलून थकलो. शेवटी मी नुसतं म्हटलं, "मामंजी, उद्या गाडी निघतेय, फिल्टर बाकी आहेत." उठले, तोंड धुतलं आणि शेडमध्ये गेले. त्या दिवसापासून मला कळून चुकलं की हे काम त्यांच्याकडून काढायचं नाही.

आणि नेमकं तेच काढायची वेळ आली. इंजिनात डिझेलचा फवारा मारणारे इंजेक्टर वर्षभरात दुसऱ्यांदा गेले. त्यांची भोकं केसाएवढी बारीक, धुळीचा कण गेला तरी संपलं. इंजेक्टरवाल्याने दिव्याखाली धरून पाहिलं आणि विचारलं, "घरात या गाडीला हात कोण लावतं?"

"बाबा फिल्टर बदलतात," नवरा म्हणाला.

"मग आधी तो हात थांबवा."

नवरा असा भडकला की मला त्याला बाहेर न्यावं लागलं. "माझ्या बापाला शिकवतोय," असं रस्ताभर पुटपुटत होता. घर जवळ आलं तसा आवाज खाली आला. "पुन्हा झालं तर मात्र बाबांना सांगावं लागेल. माझ्याच्याने नाही व्हायचं. तू सांग."

वा रे वा. भडकायचं यांनी आणि सांगायचं मी.

मी ठरवलं, पुन्हा होऊच द्यायचं नाही. फिल्टर नव्याने निवडायचे आणि मांडणी पहिल्यापासून करायची. दुकानात होते नव्हते तेवढे फिल्टर टेबलावर मांडले आणि मामंजींना बोलावलं. ते खुर्ची ओढून बसले आणि कितीतरी दिवसांनी त्यांच्या तोंडून शब्दामागून शब्द यायला लागले. एक फिल्टर त्यांनी कानाशी धरून हलवला, दुसऱ्याच्या रबरी रिंगेवर नख दाबून पाहिलं.

"याचा कागद बघ, घड्या विरळ. स्वस्त पडतो आणि स्वस्तासारखाच वागतो. ठेव बाजूला."

"मग टाकीजवळ आणि इंजिनावर, दोन्हीकडे हा सगळ्यात बारीक गाळणारा लावू या का?" मी मुद्दाम विचारलं. त्यांना रागवायला आवडतं.

"कणीक चाळायच्या चाळणीने खडी चाळतेस का तू? टाकीजवळ जाड गाळणारा. तो कचरा अडवेल, पाणी खाली भांड्यात उतरवेल. पुढे डिझेल खेचणारा पंप, आणि पंपानंतर इंजिनावर बारीक. बारीक आधी लावलास तर दोन दिवसांत तुंबेल आणि पंप उपाशी मरेल."

टाकीजवळच्या फिल्टरला मी दोन टोप्या काढल्या होत्या. एक साधी, दुसरीच्या डोक्यावर हातपंप होता. "ही हातपंपवाली लावू या का? बाहेरच्या बाजूला येईल, कुठल्याही हाताने मारता येईल."

"काय गरज आहे?" मामंजी घाईने म्हणाले. "त्याला कुठे फार पंप मारावा लागतो."

ते खरंच होतं. मी साधी टोपी लावली.

सगळं नवं, सगळं नीट. मामंजींनी वेळच्या वेळी फिल्टर बदलले, नवऱ्याने दोन-चार झटक्यांत गाडी सुरू करून टायरवाल्याकडे पाहिलं. आणि काही आठवड्यांनी तो घाटातून फोन करून म्हणाला, "इंजिन ठकठकतंय. धूर पांढरा आहे. पुन्हा इंजेक्टरच."

ट्रक परत आल्यावर मामंजी आडवे झाले होते तेवढ्यात मी दोन्ही फिल्टर काढले आणि करवतीने कापले. टाकीजवळचा आपलं काम चोख करत होता. भांड्यात पाणी, कागदावर काळा चिखल. इंजिनावरच्या बारीक फिल्टरचा कागद मी बाकावर उलगडला. बाहेरची बाजू जवळजवळ स्वच्छ. मग कागद उलटा करून घड्यांची आतली बाजू पाहिली.

डिझेल फिल्टरमध्ये बाहेरून शिरतं आणि गाळून झालं की मधल्या भोकातून निघतं. आतल्या बाजूला कचरा असायचं कारणच नाही. तिथे तांबूस कण चिकटले होते. गंज. ट्रकची टाकी ॲल्युमिनियमची, तिला गंज चढत नाही. मी मान वर केली. खिळ्याला मामंजींचा डिझेल ओतायचा चोचीचा पत्र्याचा डबा लटकत होता, बुडाशी लालेलाल.

बसवायच्या आधी ते नव्या फिल्टरच्या मधल्या भोकातून डिझेल ओतून तो काठोकाठ भरत होते. फिल्टर आधीच भरलेला असला की लाइनीत हवा जेमतेम उरते, मग दोन-चार झटके पुरतात. आणि त्या डब्यातला सगळा गाळ, काही न गाळता, थेट इंजेक्टरला.

मी कागद फडक्याखाली सरकवला तोच मामंजी दारात उभे. त्यांनी कापलेले फिल्टर पाहिले, माझ्याकडे पाहिलं आणि स्वतःच फडकं उचललं. चष्मा लावला. कागदावरून एक बोट फिरवलं, बोट उजेडात धरलं.

"गंज आहे," ते म्हणाले. मग खिळ्याकडे पाहिलं.

मी पटकन म्हणाले, "मामंजी, डिझेलच खराब मिळतंय हल्ली."

"मला समजवू नकोस." आवाज चढला नव्हता. "जुनी इंजिनं हे पचवायची. आमचे उस्ताद भरूनच बसवायचे. हे नवं नाजूक आहे, माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण त्या पडण्यानंतर एकदा तो पंप मारताना मी पाहिला त्याला. ओठ दाबून मारत होता. मी इथेच उभा होतो." ते स्टुलावर बसले. "म्हटलं, आपल्या हातून एवढं तरी होतंय."

खरं सांगते, मला रडू आलं. त्यांनी फिल्टर खोलायचा पट्ट्याचा पाना उचलून माझ्यासमोर ठेवला.

"आता हा तुझ्याकडे."

मी पान्याला हात लावला नाही. तेवढ्यात नवरा आत आला. "सापडलं का काही?"

मी तोंड उघडलं. खोटं तयार होतं, अगदी ओठांवर.

"मी घालवले इंजेक्टर," मामंजी म्हणाले. "दोन्ही वेळा, आणि आताही. फिल्टर भरून बसवत होतो."

"भरून कशाला?" नवऱ्याने विचारलं, आणि विचारता विचारताच त्याला उत्तर मिळालं असावं. त्याचा डावा हात उजव्या खांद्याकडे गेला. त्याने त्या चोचीच्या डब्याकडे पाहिलं.

मग त्याने बाकावरचा पाना उचलला, बापाच्या हातात परत दिला आणि बाहेर निघून गेला.

इंजेक्टर दुरुस्त होऊन आले. मी टाकीजवळच्या फिल्टरला हातपंपवाली टोपी लावली. या वेळी गरज आहे का असं कुणी विचारलं नाही. सकाळी मामंजींनी फिल्टर बसवले, तेही दार उघडं ठेवून. जाडा आधी, मग बारीक. रबरी रिंगेला पुसटसं डिझेल लावलं, बाकी फिल्टर कोरडा. मी चहा आणला तेव्हा ते स्टूल घेऊन ट्रकशेजारी बसले होते आणि नवरा पंप मारत होता.

मारतोय, मारतोय. डाव्या हाताने, मग जरा उजव्याने, पुन्हा डाव्याने. शर्ट पाठीला चिकटला. एकदा चावी फिरवून पाहिली तर इंजिन घरघरून गप्प. समोर टायरवाल्याने हातातला टायर आडवा टाकला आणि त्यावर बसकण मारली. अशी संधी तो सोडणार थोडाच.

"काय रे," तो ओरडला, "आज हातगुण कुठे गेला तुझा?"

नवऱ्याने कपाळावरचा घाम बाहीने पुसला आणि हनुवटीने स्टुलाकडे दाखवलं.

"हा काय, इथे बसलाय. चहा पितोय."

टायरवाल्याला काही कळलं नाही. मामंजींनी हातातला कप जमिनीवर ठेवून दिला.

"बोलू नकोस," ते म्हणाले. "मार अजून. हवा आहे."

नवरा पुन्हा खाली वाकला.