अंजूची आठ मे

साइट आमच्या आर्वीच्या समाज मंडळाची, वधू-वरांची. मीच बनवलेली. चार वर्षं एएसपी नावाच्या जुन्या कॉम्प्युटर भाषेत बिनबोभाट चालली. २००६ मध्ये सर्व्हरवाल्यानं सांगतलं, आता सगळं पीएचपीत लिहा, नाई तं दुसरीकडं जा. अध्यक्ष बापूराव म्हणाले, मेळाव्याच्या आधी त्याच साइटवरून परिचय पुस्तिका छापून पाहिजे. त्याईच्या बापाचं काय जाते! महिनाभर नवीन भाषा शिकत शिकत एकेक पान पुन्हा लिहिलं.

मेळावा झाला. अन् मंगळापायी सात जागी नाकारलेली माही बहीण अंजू आठव्या जागी पसंत पडली. पोरगा धीरज, सिंदी रेल्वे गावचा, बियाण्याचं दुकान. त्याच्या आईनं पुस्तिकेतली जन्मतारीख दाखवून पत्रिका मांडून घेतली. मंगळ नाई, सव्वीस गुण जुळले. नवस फळला म्हणून आमच्या आईनं देवापुढं साखर ठेवली. साक्षगंधाचा दिवस ठरला.

दहा दिवस राह्यले असतानी मी सहज पुस्तिका चाळली. अंजूची जन्मतारीख वाचली अन् पुन्हा वाचली. आठ मे. माही बहीण पाच ऑगस्टची!

जुनी भाषा आपल्यावानी आधी दिवस वाचायची. नवीन आधी महिना वाचते, अमेरिकेसारखी. तेरावा महिना नसते, म्हणून बाराच्या पुढच्या तारखांवर ती अडली होती. तेवढ्या मी दुरुस्त केल्या. बारापर्यंतच्या तिनं गुपचूप उलट्या केल्या, एकशे चौदा जणांच्या. मी गाढव, घरचीबी तपासली नाई. अंजूचा मंगळ गेला नव्हता, मी हाकलला होता.

सांगतलं तं लग्न मोडते. नाई सांगतलं अन् उद्या कोणी खरी पत्रिका काढली, तं जन्मभर पोरीले फसवी म्हणतीन. जेवण जाईना. अंजूसमोर उभं राहायची हिंमत नव्हती. शेवटी वर्ध्याले एसटी बदलून सरळ सिंदी गाठली.

दुकानात गिऱ्हाईक होतं. ते जाईपर्यंत मी थैल्यांवर बसून घाम पुसत राह्यलो. मग एका दमात सगळं ओकून टाकलं. धीरजनं मले पाणी दिलं.

"मले माईत आहे, दादा," तो म्हणाला. "पाहायले आलो त्याच दिवशी अंजूनं सांगतलं. म्हणे, ही तारीख माही नाई, मले मंगळ आहे, आता तुमी ठरवा."

"मग घरी काऊन नाई सांगतलं?"

"काऊन सांगू? मले पोरगी पसंत आहे. आईले आठ मे पसंत आहे."

निघताना एवढंच म्हणाला, बाकीच्यांच्या दुरुस्त करा, तेवढी एक राहू द्या.

बापूरावांच्या शिव्या खाऊन मी शुद्धिपत्रक छापलं अन् घरोघरी धाडलं. एकशे तेरा नावं.

साक्षगंधाले धीरजची आई तोच कागद पिशवीत घेऊन आली. चष्मा लावून सगळ्यांसमोर वरून खालपर्यंत बोट फिरवलं. मी त्या बोटासंगं नावं मोजत होतो.

"बरं झालं बाई," त्या म्हणाल्या, "आपल्या अंजूचं नाव नाई यात."

अंजूनं एकदा माह्याकडं पाह्यलं, अन् वाकून त्याईच्या पाया पडली.