मास्तरांच्या दारापर्यंतचा नकाशा

मित्रांनो, नकाशा उलगडणं सोपं असतं, पण त्याची घडी पुन्हा होती तशी घालणं फार थोड्यांना जमतं. ज्यांना जमत नाही ते मला कसंही दुमडून खणात कोंबतात आणि वर माझ्याकडेच रागाने बघतात. मी एक जुना, रस्त्यांचा नकाशा आहे. पाठीला कापड चिकटवलेला, कडांना चिकटपट्टी लावलेला आणि खरं सांगायचं तर थोडा तिरसट. वयाचा परिणाम आहे, सांभाळून घ्या.

माझा जन्म छापखान्यात झाला. आधी निळा रंग चढला, म्हणजे नदी आणि तलाव. मग हिरवा, मग लाल रस्ते आणि सगळ्यात शेवटी काळी अक्षरं. अक्षरं उमटेपर्यंत मी कोणत्या शहराचा आहे हे माझं मलाच ठाऊक नव्हतं. घडी घातल्यावर वर येणाऱ्या चौकोनावर एका टायरवाल्याची जाहिरात होती. लपवत नाही, माझ्याही अंगावर जाहिरात होती. पण मला उलगडलं की तो टायरवाला मुकाट्याने खाली जायचा आणि रस्ते संपेपर्यंत पुन्हा तोंड दाखवायचा नाही. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो आहे, पुढे कळेल.

मला एका ड्रायव्हरने विकत घेतलं. सगळे त्यांना काका म्हणत. ते रुग्णालयाची आठ जणांची गाडी चालवत. ज्यांची मूत्रपिंडं काम करत नाहीत, त्यांना आठवड्यातून तीनदा मशीनवर झोपवून त्यांचं रक्त शुद्ध करावं लागतं. अशा माणसांना घरून न्यायचं आणि चार-पाच तासांनी परत सोडायचं, हे काकांचं काम. मशीनची वेळ ठरलेली असे. उशिरा पोचलं तर त्या माणसाच्या वाट्याची मिनिटं कमी होत, कारण मागचा माणूस वाट बघत असे.

काका मला नुसते वाचत नसत, माझ्यावर लिहीतही असत. खडबडीत रस्त्यावर पेन्सिलची नागमोडी रेघ, म्हणजे सकाळी चालेल पण परतताना नको. मशीनवरून उठलेल्या माणसाला धक्के सोसत नाहीत. रेल्वेच्या फाटकावर फुली आणि ते बंद व्हायची वेळ. जिथे झाडाखाली गाडी लावता येते तिथे छोटं वर्तुळ, कारण कुणाला मळमळलं तर उन्हात थांबून कसं चालेल? आणि प्रत्येक घराशी बारीक अक्षरात टीप: "दोन पायऱ्या, उजवीकडे आधार नाही." "कुत्रं भुंकतं, चावत नाही." गाडीतल्या एका म्हाताऱ्या शिक्षकांना सगळे मास्तर म्हणत; त्यांच्या घराशी लिहिलं होतं, "निळं दार. अंगणाच्या फाटकाला अगदी लागून थांबणे."

काकांचा एक नियम होता. दिवसभरात रस्त्यात काही बदललेलं दिसलं, तर ते संध्याकाळी पायातले बूट काढण्याआधी माझ्यावर नोंदवायचं. काकू दारातून ओरडत, "अहो, आधी आत तरी या." काका म्हणत, "बूट काढले की रस्ता विसरतो गं." आणि दारातच, भिंतीला टेकून, पेन्सिल ओली करून लिहीत. ते दिवस आठवले की मला अजून भरून येतं. माझ्याइतकं लाडाने वागवलेलं कागदाचं दुसरं पान मी पाहिलेलं नाही.

मग काकांच्या डोळ्यांनी दगा दिला. आधी माझी बारीक अक्षरं गेली, नंतर लाल रस्ते. एका सकाळी त्यांनी स्वतःहून गाडीची किल्ली लेकीच्या हातात ठेवली. ती आधी टेंपो चालवत असे, हात पक्का होता. गाडीतली मंडळी तिला ताई म्हणू लागली, तिच्या आजोबांच्या वयाचे मास्तरसुद्धा.

ताईने काचेजवळ फोन बसवला आणि मी समोरच्या खणात गेलो. माझ्या सोबतीला एक टॉर्च, जुने कागद आणि ओकारीसाठी ठेवलेल्या पिशव्या. फोन बोलका होता. "दोनशे मीटरवर डावीकडे वळा," असं गोड आवाजात सांगायचा. मी नाक मुरडलं, पण एक कबूल करतो: नव्या पुलाची मला खबरही नव्हती आणि तो त्याला पाठ होता. माझा काळ संपला, असं मी मनाला समजावलं. मन काही समजलं नाही. खणाची कडी वाजली की मी दचकून तयार व्हायचो आणि ताई टॉर्च काढून घ्यायची.

पण त्या फोनमधल्या नकाशाला एक खोड होती. तो फुकटचा होता आणि फुकटचं वसूल करून घेत होता. वळणाच्या नेमक्या जागी कुण्या दुकानाचं ठळक चिन्ह येऊन बसे. मध्येच आवाज येई, "जवळच गाद्यांचं मोठं प्रदर्शन, इथून फक्त तीन मिनिटं." आणि गाडी पूर्ण थांबली रे थांबली की अर्धा पडदा जाहिरातीने झाकला जाई. ती घालवायची तर कोपऱ्यातली इवलीशी फुली दाबायची. बोट जरा चुकलं की गादीचं दुकानच उघडे.

"अहो ताई," मास्तर मागून म्हणत, "मशीनवर पाच तास झोपून आलोय, आता गादी कशाला?"

सगळे हसत. ताईही हसे. पण तिच्या नाकी नऊ आले होते, आणि त्यातून तिने एक युक्ती काढली. जाहिरात गाडी थांबल्यावर येते ना? मग थांबायचंच नाही. सिग्नलला ती पुढच्या गाडीपासून बरंच अंतर ठेवी आणि ब्रेकवरचा पाय हलका ठेवून गाडी गोगलगायीसारखी पुढे सरकवत राही. चाकं फिरत असली की पडदा स्वच्छ. मागचे लोक हॉर्न वाजवत, तिला त्याचं काही नव्हतं. हळूहळू ती युक्ती पायात मुरली. लोकांच्या दारातही गाडी पुरती थांबेनाशी झाली, आणि हे तिचं तिलाही कळलं नाही. मला खणात कळत होतं. टॉर्च माझ्या अंगावर सारखी इकडून तिकडे घरंगळायची. मी ओरडलो असतो, पण कागदाला आवाज कुठला?

एका शुक्रवारी दुपारी मास्तर निळ्या दाराशी उतरत होते. ताईची नजर फोनवर, पुढचं घर कुठल्या गल्लीत ते बघण्यात. पाय ब्रेकवर होता, पण नेहमीसारखाच हलका. गाडी हातभर पुढे सरकली. मास्तरांचा एक पाय खाली आणि एक वर होता. ते पडले.

ज्या हाताच्या शिरेतून मशीनला रक्त जातं, तो हात त्यांनी पडता पडता छातीशी धरला आणि दुसऱ्यावर आपटले. गुडघा सोलवटला, मनगट सुजलं. मशीनचा हात वाचला. तो गेला असता तर काय झालं असतं, या विचाराने आठवडाभर ताईची पाठ सोडली नाही.

मास्तर कुणाला काही बोलले नाहीत. पण त्यांच्या सुनेने रुग्णालयात कळवलं, आणि तिचं बरोबरच होतं. मोठ्या सिस्टरनी ताईला बोलावून घेतलं. घरी परतल्यावर ताईने मला खणातून काढलं, किती दिवसांनी काढलं, आणि बगलेत धरून आत गेली.

"सिस्टर म्हणाल्या, आठवडाभर दुसरा ड्रायव्हर," तिने काकांना सांगितलं. "पुढच्या सोमवारी मी गाडी न्यायची, पण मास्तर आपल्या मनाने बसले तरच. नाही बसले तर किल्ली परत द्यायची."

"झालं कसं?"

"मी थांबतच नव्हते, बाबा. थांबलं की जाहिरात यायची."

काका म्हणाले, "गाडी थांबवायला घाबरणारा ड्रायव्हर मी पहिल्यांदाच बघतोय. आणि बघतोय तेही न दिसणाऱ्या डोळ्यांनी."

ताई रडता रडता हसली. काका म्हणाले, "चुकलीस. मोठी चुकलीस. आता पसर तो नकाशा."

मला टेबलावर पसरलं. चार कोपऱ्यांवर दोन वाट्या, चष्म्याचं घर आणि मिठाची बरणी. माझ्या जिवात जीव आला. मला वाटलं, फोन गेला, माझे दिवस परत आले. पण ताई म्हणाली, "बाबा, ह्यात नवा पूल नाही. बाजारामागचा रस्ता आता एकेरी झालाय. नुसत्या ह्याच्यावर नाही निघणार." तोंडात मारल्यासारखं झालं, पण खोटं काय होतं त्यात?

तिने शोधून दुसरा नकाशा फोनवर घेतला. रस्ते माहीत असलेल्या साध्या माणसांनी मिळून तो बनवलेला होता. त्यात गाद्या नव्हत्या, सूट नव्हती, नेटवर्कशिवाय चालायचा, आणि मुख्य म्हणजे त्यावर आपल्या टिपा लिहिता यायच्या. मग रोज संध्याकाळी दोघं माझ्यापुढे बसू लागली. काका बोटाने माझी घडी चाचपत. "तिसऱ्या घडीच्या खाली, नदीच्या अलीकडे. तिथे वर्तुळ आहे का?" ताई वाकून बघे. "आहे, बाबा. पुसट झालंय." "तिथे सावली असते. लिही." नागमोडी रेघा, फाटकाची वेळ, दोन पायऱ्या, न चावणारं कुत्रं, एकेक करून माझ्यातलं सगळं तिच्या फोनमध्ये गेलं. शिवाय तिने कानाला खडा लावला: निघण्याआधी सगळा रस्ता एका कागदावर लिहायचा, आणि फोनला हात लावायचा तो गाडी बंद करून, हँडब्रेक ओढूनच.

मित्रांनो, त्या सात संध्याकाळी मी फार सुखात होतो आणि फार दुःखातही. जितक्या खुणा उतरत होत्या, तितकं माझं काम संपत होतं. रविवारी ताई म्हणाली, "झालं, बाबा. सगळं घेतलं." मला पुन्हा गाडीत जायचं होतं. खणात का होईना, ओकारीच्या पिशव्यांशेजारी का होईना. पण सोमवारी सकाळी ताई फोन आणि कागद घेऊन निघून गेली आणि मी टेबलावरच राहिलो.

गाडीचा आवाज कोपऱ्यापलीकडे ऐकू येईनासा झाला, तसे काका खुर्ची ओढून माझ्यापाशी बसले. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाचे ठोके मोजले आणि आपल्या घराच्या जागी बोट ठेवलं. मग ते बोट हळूहळू चालू लागलं. "आता रेल्वेचं फाटक," ते पुटपुटले. "आता पाणपोई." दिसत काही नव्हतं, पण बोट रस्ता सोडत नव्हतं. निळ्या दाराशी आल्यावर ते थांबलं.

ते थांबलेलं आहे तोवर तुम्हाला एक सांगतो. मला जपून ठेवा असं मी म्हणणार नाही, कागद आज ना उद्या फाटायचाच. पण तुमच्या घरात कुणाला रस्ते माहीत असतील, कुठे सावली आहे, कुठे म्हाताऱ्या माणसाला हात द्यावा लागतो हे माहीत असेल, तर त्यांच्याजवळ बसा आणि ते विचारून घ्या. आणि रस्ता दाखवणारा कुणी मध्येच दुकान दाखवू लागला, तर त्याला गाडीतून उतरवा. तुमच्या मागे माणसं बसलेली असतात.

बोट अजून तिथेच होतं. घड्याळाची पाच मिनिटं गेली, सहा गेली. काकांच्या बोटाला घाम आला होता आणि मास्तरांच्या घराची टीप ओली होत होती. मला पुसलं जाण्याची भीती वाटायला हवी होती. ती वाटली नाही.

फोन वाजला. काकांनी चाचपडत उचलला.

"बाबा, गाडी बंद करून बोलतेय," ताई म्हणाली. "दार उघडून उभी होते. मास्तर किती तरी वेळ पायरीवरून नुसतं बघत होते. मग म्हणाले, हात दे. बसलेत आता. पुढच्या सीटवर."

"बरं," काका म्हणाले. "घाई करू नकोस."

त्यांनी फोन ठेवला, नाक ओढलं, आणि त्यांचं बोट माझ्यावरून पुढच्या घराकडे निघालं.