शहाबादी फरशीची दुसरी बाजू

मित्रांनो, मी एक जुनी शहाबादी फरशी आहे. लातूरच्या एका साध्या घरात, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याजवळ माझी जागा आहे. उंबऱ्याजवळची फरशी म्हणजे घरातली थोरली सून. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाचा भार तिच्यावरच पडतो. मी थकले आहे. तुम्ही म्हणाल, दगड कधी थकतो का? थकतो. फक्त त्याला उसासा टाकता येत नाही.

माझा जन्म शहाबादकडच्या खाणीतला. जमिनीच्या पोटात आम्ही दुरडीतल्या भाकरींसारख्या एकीवर एक पडून होतो. गुरुबसप्पा पहार घालून एकेक थर मोकळा करायचा आणि त्याची बायको शांतम्मा तो डोक्यावरून वर आणायची. मला आणताना तिला दम लागला. तिने मला खाणीच्या काठावर टेकवलं आणि माझ्यावरच बसून घाम पुसला. थकलेल्या बाईला बसायला जागा देणं हे माझं पहिलं काम. पुढेही बहुतेक मी तेच करत आले.

ते साल ब्याऐंशीचं. लातूर नुकतंच जिल्ह्याचं ठिकाण झालं होतं. साहेब आले, शिपाई आले, वकिलांच्या पाट्या लागल्या, शेतांच्या बांधावर दोऱ्या ताणून कॉलन्या आखल्या गेल्या. इतक्या घरांना पायाखाली काहीतरी हवंच होतं, म्हणून आम्हाला मागणी आली. भुजंग हा नव्या कार्यालयात लागलेला कारकून. त्याने खेडं सोडून इथे तीन खोल्या बांधल्या आणि मुरूम चोपून त्यावर आम्हाला बसवलं.

भुजंगची बायको तुळजाबाई हिची दगडाशी ओळख माझ्याही आधीची. बहात्तरच्या दुष्काळात, लग्नाआधी, तिने सडकेच्या कामावर खडी फोडली होती. मी बसले त्या दिवशी तिने माझ्यावरून हात फिरवला आणि नवऱ्याला म्हणाली, "लई दगड फोडला म्या. आता दगडावर निवांत निजते."

आणि खरंच निजली. उन्हाळ्यात दुपारी हातातली कामं आवरली, की ओल्या फडक्याने मला पुसायची, पदर उशाला घ्यायची आणि आडवी व्हायची. चौदा एप्रिलला घर पाहुण्यांनी भरायचं, तेव्हा पंगत आमच्यावर बसायची. तिच्या लेकाने, निवृत्तीने, पाटीवरची अक्षरं आधी माझ्यावर खडूने गिरवली आणि मारही माझ्यावरच उभा राहून खाल्ला. भूकंपाच्या पहाटे माझ्या कोपऱ्याचा टवका उडाला. आल्यागेल्याने म्हणावं, "फरशी थंड हाय बरं का तुमची." एवढ्या कौतुकावर आमचं भागत होतं.

मग शेजारी चकचकीत टाइल्स आल्या. त्यात तोंड दिसतं म्हणे. आमच्यात काय दिसणार? आमच्याकडे कुणी बघेनासं झालं. झिजून मध्ये खळगा पडला, तेल-हळदीचे डाग मुरले. भुजंग गेला आणि घरात तुळजाबाई एकटी उरली. तिच्या चालण्यातला एक पाय जड पडू लागला, तो मला रोज कळायचा.

ज्या उन्हाळ्यात लातूरला आगगाडीने पाणी आणावं लागलं, त्याच उन्हाळ्यात निवृत्ती बँकेतली बदली घेऊन नांदेडहून आईजवळ राहायला आला. घर नवं करायचं त्याच्या मनात होतं. त्याने नांदेडहून सिंधु नावाच्या इंटिरिअर डिझायनरला बोलावलं. धर्माबादच्या आडत्याची ही मुलगी, हुशार आणि कामाला चोख. हे तिचं लातुरातलं पहिलंच काम. त्याचे फोटो दाखवून तिला पुढची कामं मिळवायची होती, म्हणून फोटोत जे उठून दिसतं तेच तिने आखलं. पांढऱ्या टाइल्स, पीओपीचं छत, त्या छतामागे बुजणारे झरोके. आणि आमच्याबद्दल एकच वाक्य. "ही सगळी फोडून काढायची."

खरं सांगू, मित्रांनो? मला वाईट वाटलं नाही. वाटलं, सुटलो. कुठल्यातरी खड्ड्यात भर म्हणून पडू. वरून कुणी चालणार नाही. फडकं नाही, घमेलं नाही, कुणाचा जड पाय नाही.

तुळजाबाई मात्र दारात उभी राहून विचारत होती, "मग म्या दुपारचं कुठं निजू?"

"एसी बसवून देतो की, आई," निवृत्ती म्हणाला.

"दुपारची लाइट कुठं असतीया?"

बाहेरच्या खोलीतल्या माझ्या बहिणी पहिल्या दिवशीच फुटल्या. घणाचा एकेक घाव माझ्यापर्यंत यायचा. सुटका मागणं सोपं असतं, बहिणींची सुटका ऐकणं सोपं नसतं. त्यांचे तुकडे ट्रॅक्टरमध्ये भरून गेले, कुठे ते मला ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी त्या खोलीत टाइल्स बसवायच्या होत्या. गवंडी साहेबराव याने सिंधुला विचारलं, "म्याडम, मालाला पानी कोनतं घेऊ?" ती मोजमापात गढली होती. नांदेडच्या तिच्या कामांवर दारातलं पाण्याचं टिपाड बांधकामाचंच असायचं. ती सवयीने म्हणाली, "दारातलं घ्या." त्याने घेतलं. सिमेंट कालवलं, टाइल्स बसल्या. उरलेलं पाणी पुसण्या-धुण्यात गेलं.

संध्याकाळी तुळजाबाई तांब्या घेऊन दारात गेली. टिपाडाच्या तळाशी तांब्या खरवडल्याचा आवाज आला. वापराचं खारं पाणी मागच्या बाजूला होतं. दारातलं प्यायचं होतं. टँकर सहज दिसावा आणि नंबर चुकू नये म्हणून या भागात प्यायचं टिपाडच लोक दारात ठेवत. हे नांदेडहून आलेल्या सिंधुला ठाऊक नव्हतं आणि तिने विचारलंही नव्हतं.

तिचा चेहरा उतरला. "मावशी, चुकलं माझं. मी आत्ता टँकर मागवते."

"कोन देतंय, माय? आपला नंबर आता पुढच्या आठवड्यात." तुळजाबाई माझ्यावर बसली, भिंतीला टेकली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू बोलली. "बहात्तरला आमी खडी फोडायचो. त्या खडीवर मारायला टँकर यायचा. सडक पानी प्यायची आन आमी कोरड्या तोंडानं बघत बसायचो. तवा वाटायचं, आपल्या घरात असं कधी व्हनार न्हाई."

शेजारच्या नागुबाईने एक घागर दिली, त्यावर ती रात्र निघाली.

सिंधु शेवटच्या गाडीने नांदेडला गेली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाण्याचे दोन कॅन घेऊन एसटीतून परत आली. कंडक्टरने कॅनला लगेजचं तिकीट लावलं म्हणे. नांदेडला पाणी देणारं विष्णुपुरीचं धरणही तेव्हा तळाला गेलं होतं, तरी घोटभर पाणी तिकडे मिळत होतं. कॅन ठेवून तिने आधी काम थांबवलं. मग पहार मागून घेतली आणि उंबऱ्याजवळ, म्हणजे माझ्यापाशी, बसली.

मी डोळे मिटले असते, असते तर. पण घाव आला नाही. तिने पहारेचं टोक सांध्यात घालून मला हळूच उचललं आणि भिंतीला उभं केलं. माझी खालची बाजू तिने हाताने झाडली. ती बाजू इतकी वर्षं मातीला लागून होती. तिच्यावर ना खळगा, ना डाग.

"आमच्या आडतीत पोती ओढून ओढून फरशी झिजायची," ती निवृत्तीला म्हणाली. "मग अण्णा नवी आणायचे नाहीत. तीच उलटी करून बसवायचे. मी हे लहानपणापासून बघितलं आणि शिकून आल्यावर विसरले. उरलेल्या खोल्यांत हीच फरशी उलटी बसवू. सिमेंट कालवायला नको. कोरड्या मुरमावर ठोकायची आणि सांध्यात वाळू भरायची. झरोकेही राहू देऊ, वारा तेवढाच येतो."

निवृत्तीला ते पटेना. "लोकं हसतील, म्याडम. डिझायनर लावून जुनीच फरशी बसवली म्हनतील. तुम्ही फोटो कशाचे दाखवणार?"

ते दुखणं तिचंच होतं. तरी ती म्हणाली, "फोटो नाही मिळाले तर नाही मिळाले. मावशींचं पाणी सिमेंटात घालून केलेल्या खोलीचा फोटो मला तरी कुणाला दाखवता येणार नाही."

निवृत्तीने आईकडे पाहिलं. आई कॅनमधलं पाणी फुलपात्रात ओतून सावकाश पीत होती, एक थेंबही सांडू न देता. तो म्हणाला, "करा मग तसं."

साहेबरावाने छिन्नीने माझ्या कडा सारख्या केल्या आणि मला माझ्याच जागी पालथं घातलं. बाहेरची खोली पांढरी, गुळगुळीत आणि परकी राहिली. तिथे तुळजाबाई भिंत धरून चालते. गेलेल्या बहिणी परत आल्या नाहीत, आणि त्या खोलीने प्यायलेलं पाणीही आलं नाही.

म्हणून सांगते, मित्रांनो. उद्या तुमच्यातलं कुणी घरं सजवायला शिकेल, कुणी घर नवं करायला काढेल. घण उचलण्याआधी जुनं एकदा उलटून पाहा. आणि त्या घरात पाणी कुठून येतं, दुपारी कोण कुठे निजतं, हे विचारल्याशिवाय कागदावर रेघ ओढू नका.

मी विसावा मागितला होता, तो मला निम्माच मिळाला. माझी झिजलेली बाजू आता मुरमावर टेकून पडली आहे, आणि कोरी बाजू वर आली आहे. काम संपलं त्या दुपारी तुळजाबाईने मला ओल्या फडक्याने नाही, नुसत्या कोरड्या पदराने पुसलं, कारण पाणी नव्हतं. मग ती आडवी झाली आणि गाल टेकवून म्हणाली, "थंड हाय गं." आणि मला कळलं, अजून बरीच वर्षं निघतील.