राखाडी चौकोनातलं बदक

मी एक बदक आहे. स्वतः कधी पाण्यात उतरलो नाही, पण पोहायला शिकलेल्या शेकडो पोरांच्या घरी भिंतीवर मानाने बसलोय.

माझा जन्म कॉम्प्युटरवरचा. त्या काळी छापखान्यांना तयार चित्रांच्या फाइली मिळायच्या. कात्री, छत्री, तराजू, त्यांतच मी. माझ्या फाइलीत नुसत्या सूचना भरलेल्या: अमुक आकड्यावर पेन टेक, तमुक आकड्यापर्यंत रेघ ओढ. पडद्यावर आम्ही सगळे सारखेच दिसायचो, फुली मारलेले राखाडी चौकोन. खरं रूप दिसायचं ते छापल्यावर.

आमच्या छापखान्याच्या मालकीणबाई कुठला चौकोन कुणाचा हे तोंडपाठ सांगायच्या. तोच तोरा एकदा नडला. वकीलसाहेबांच्या पत्रांवर तराजूऐवजी त्यांनी मला बसवलं आणि पाचशे कागद छापून मोकळ्या झाल्या. वकीलसाहेब लालबुंद. ते कागद मग वाण्याकडे पुड्या बांधायला गेले, आणि एक पोचला पोहणं शिकवणाऱ्या सरांच्या हाती. ते धावतच आले. हेच बदक त्यांना प्रमाणपत्रावर हवं होतं.

तेव्हापासून जे पोर तलावाची पूर्ण लांबी पार करेल, त्यालाच मी मिळायचो. रडून, रुसून मी कुणाला मिळालो नाही.

पुढे बाई थकल्या, कारभार सुनेकडे आला. नव्या कॉम्प्युटरने तर मला ओळखच दाखवली नाही; माझी फाइल चित्र म्हणून उघडेचना. त्यात यंदा सर निवृत्त होणार. शेवटच्या तुकडीची प्रमाणपत्रं दुसऱ्या दिवशी द्यायची होती. जुन्या प्रमाणपत्रावरून मला उचलावं, तर सर सही नेमकी माझ्या पोटावर ठोकायचे. सुनेने दुसरी गोंडस, रंगीत बदकं दाखवून पाहिली.

"तेच बदक नसेल तर मी सही करणार नाही," सर म्हणाले. "ही पोरं आपल्या ताई-दादांच्या भिंतीवरचं ते बदक बघून पाण्यात उतरलीत."



शेवटी सुनेने सासूबाईंना बोलावलं. बाईंनी माझी फाइल साध्या मजकुरासारखी उघडायला लावली. पडद्यावर आकडेच आकडे. बाई चौकटींचा कागद घेऊन बसल्या. सून आकडे वाचत गेली, त्या ठिपके मांडून रेघा जोडत गेल्या. शेपूट झालं, मान आली. चोचीपाशी फोन वाजला, सुनेच्या नजरेतून एक ओळ निसटली आणि चोच उघडी राहिली.

सून ओशाळली, लगेच दुरुस्त करते म्हणाली. सरांनी कागद हातात घेतला आणि उघड्या चोचीवर बोट ठेवलं.

"पहिल्यांदा पाय सुटून पाण्यावर तरंगलं ना, की पोराचं तोंड अस्संच होतं," ते म्हणाले. "याला हात लावू नका."

सुनेने तो कागद स्कॅन करून रातोरात प्रमाणपत्रं छापली. दुसऱ्या दिवशी सरांनी सगळ्या सह्या केल्या, आणि या खेपेला माझं पोट सोडून, बाजूला.

इतकी वर्षं चोच मिटून होतो. आता उघडलीच आहे, तर म्हटलं तुमच्याशी बोलून घ्यावं. एकच विनंती: मला स्वतःला पोहता येत नाही, हे त्या पोरांना सांगू नका.